उजवीकडच्या दाराची बाई

गुरुवार, ८ फेब्रुवारी. सकाळी नळाला गढूळ पाणी, दुपारपर्यंत निवळलं. जिन्याखाली मांजर व्यायली, पिल्लं किती ते अंधारात कळलं नाही. वन्संच्या डोळ्यांत घालायचे थेंब संपत आले आहेत. चहाच्या वेळेला लेक आली. येताना पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर घेऊन आली. टीव्हीला जोडला की त्यातून सिनेमे दिसतात म्हणे. त्याची पेटी मात्र घरी विसरली, म्हणून न्हाणीघरातली भोकाभोकांची साबणदाणी धुऊन, पुसून दिली. त्यात तो बरोब्बर बसला. वन्सं म्हणाल्या, "एवढ्याशात सिनेमा मावायचा नाही." मलाही तेच वाटत होतं, पण मी बोलले नाही.

या नोंदीतल्या वन्संना सगळी गल्ली बॅटरीआत्या म्हणते. नाव ठेवलं ते नोंद लिहिणाऱ्या वहिनींच्या लेकीने, ती बोबडं बोलत होती तेव्हा. आत्या कामावरून आली की तिच्या पिशवीतून आधी डबा निघायचा आणि मग लांबट पितळी बॅटरी. पोरीला डब्यापेक्षा बॅटरीचं अप्रूप जास्त.

आत्याची नोकरी सिनेमाच्या थिएटरात होती. तिकीट-खिडकीत नव्हे, आत, अंधारात. खेळ सुरू झाल्यावर धापा टाकत येणाऱ्या माणसाचं तिकीट बघायचं आणि उजेडाचा गोल त्याच्या पायापुढे टाकत त्याला खुर्चीपर्यंत न्यायचं. उजेड कुणाच्या तोंडावर पडता कामा नये आणि पडद्यावर तर मुळीच नाही. बाहेर जायची दारं दोन. त्यांतलं पडद्याच्या उजव्या हाताचं दार आत्याचं. सिनेमाचा शेवट जवळ आला की तिने त्या दाराशी जायचं, जाड पडदा बाजूला सारायचा, अडसर काढून हातात धरायचा आणि दाराकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे पुढच्या रांगेतले उतावळे आधीच धावत सुटले तर त्यांना पाठीने थोपवता येई. 'समाप्त'चं संगीत वाजलं रे वाजलं की भिंतीवरची बटणं खटाखट दाबून दिवे लावायचे आणि दार सताड उघडायचं.

तेव्हा हिशोब सरळ होता. सुरुवात उशिरा येणाऱ्यांच्या पायी जायची आणि शेवट लवकर जाणाऱ्यांच्या पायी. "दोघांच्या मधे जो काय उरतो, तो माझा सिनेमा," असं आत्या म्हणायची. शेकड्याने सिनेमे तिला पाठ होते, पण सगळे मधूनच. लेक लहानपणी गोष्टीसाठी तिच्या मागे लागायची.

"आत्या, पण तो तिच्यावर एवढा का चिडला?"

"ते मला काय ठाऊक? मी तेव्हा एका जाड्या माणसाला त्याची खुर्ची दाखवत होते. तो दुसऱ्याच्या मांडीवर बसत होता."

"मग शेवटी त्यांचं लग्न झालं का?"

"झालं असणार. लोक हसत बाहेर पडले."

लोकांच्या तोंडावरून शेवट ओळखायची तिला सवयच लागली होती. डोळे पुसत आले की कुणीतरी मेलं. मान खाली घालून, एकमेकांशी न बोलता आले की सिनेमा पडला. हसत आले की लग्न.

तिचं स्वतःचं लग्नही त्या थिएटरातच जमलं. मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला एक सुतार यायचा. दुपारच्या रिकाम्या थिएटरात त्याची ठाकठूक चालायची आणि आत्या त्याला बॅटरी दाखवायची. बॅटरी दाखवता दाखवता व्हायचं ते झालं. घरचे चार दिवस फुरंगटले, मग गप्प बसले. लग्नानंतरही ती त्याला सुतारच म्हणायची आणि तो तिला गेटवाल्या बाई. सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाला की तो कधी 'येतो' म्हणायचा नाही. दारातून वळून नुसती हनुवटी वर उडवायचा. तीसुद्धा आतून तशीच उडवायची. सासूला वाटायचं, ही पोरं एकमेकांना खिजवतात.

पुढे सुताराला सिनेमाच्या सेटवर काम मिळालं. खोटी घरं, खोटे जिने, खोट्या खिडक्या. एका सिनेमासाठी त्याने लाकडी धक्का बांधला, बोटी लागतात तसला. त्या दिवशी गर्दीतला एक माणूस आला नाही, म्हणून दिग्दर्शकाने सुतारालाच फळी खांद्यावर देऊन चालायला लावलं. घरी आला तो उड्या मारतच.

"गेटवाल्या बाई, मी सिनेमात आहे. अगदी शेवटी. तुम्हाला काही दिसायचा नाही."

"का नाही दिसणार?"

"शेवटी तुमची पाठ असते ना आमच्याकडे!" आणि मग जरा थांबून म्हणाला, "एकदा वळून बघा फक्त. मी माझं काम चोख केलंय."

तो सिनेमा तिच्याच थिएटरात लागला. शुक्रवारी लागला आणि लोक मान खाली घालून बाहेर पडू लागले. आत्याची सुट्टी गुरुवारची. नवराबायको गुरुवारी प्रेक्षक म्हणून येणार, खुर्चीत बसून बघणार, असं ठरलं होतं. सिनेमा बुधवारीच उतरला. त्या शेवटच्या खेळाला आत्याने मनाचा हिय्या केला आणि अडसर हातात धरून मान वळवली. नेमका तेव्हाच पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला, आपली छत्री शोधायला वाकला, सापडली तशी ती उघडून, झटकून बघायला लागला. छत्री खाली येईपर्यंत संगीत संपलं होतं आणि लोक दारावर येऊन थडकले होते.

"पुन्हा लागेल की कधीतरी," सुतार म्हणाला.

पडलेला सिनेमा पुन्हा कोण लावतो? पुढे दोनेक वर्षांत सुतार तापाने गेला, आठवड्याच्या आत. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला तो लग्नातला एक फोटो. त्यात तो असा ताठ उभा आहे की पाठीला कुणीतरी फळी ठोकलीय असं वाटावं. आत्याला तो फोटो कधीच आवडला नाही. "हा सुतार नव्हे, हा सुताराचा खांब," म्हणायची. थिएटर बंद पडेपर्यंत तिने नोकरी केली. मग भावाकडे राहायला आली. भाऊही गेला आणि घरात नणंद-भावजय उरल्या. दोघी एकमेकींना अहो-जाहो करत भांडतात.

आता आत्याच्या डोळ्यांनी असहकार पुकारला होता. डावा जवळजवळ गेलाच. उजव्याच्या मधोमध धुरकट डाग पडला होता. समोरच्या माणसाचं नाक-डोळे दिसायचे नाहीत, पण बाजूचा दरवाजा, खिडकी, कडेचं सगळं लख्ख. डॉक्टर म्हणाले, डाग पसरत जाणार, थेंबांनी थोडं लांबेल इतकंच. आत्या घरी येऊन म्हणाली, "आयुष्यभर कडेला उभं राहून सिनेमा बघितला. डोळ्यालाही तेच वळण लागलं, त्याला तरी काय बोल लावायचा?" विनोद करून झाला, पण त्या दिवशी ती जेवली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वहिनी, मला सुताराचा चेहरा फोटोत सापडतो. पण तो चालायचा कसा, ते आता आठवत नाही. डोळे मिटले तरी उभाच दिसतो."

हे वहिनींनी लेकीला फोनवर सांगितलं. लेकीने ते मनात ठेवलं. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या वडिलांना जुन्या व्हिडिओ कॅसेट जमवायचा नाद होता. त्या अडगळीत लेक सुट्टीच्या दिवशी नाकाला रुमाल बांधून बसायची. आणि एक दिवस धक्क्याचा तो सिनेमा तिला मिळाला. कॅसेट इतकी जुनी होती की पेन ड्राइव्हवर उतरवता उतरवता शेवटाला टेप चुरगळली. पण तोवर उतरवून झाली होती.

हे सगळं त्या गुरुवारी चहा पिताना लेकीने सांगितलं. आत्याने कप खाली ठेवला आणि साबणदाणीकडे बघत राहिली. बघत राहिली म्हणजे मान तिरकी करून, चिमणी दाण्याकडे बघते तशी.

"यात आहे सुतार?"

"या पेन ड्राइव्हमध्ये आहे, आत्या. हा कॉम्प्युटर तो वाचतो आणि टीव्हीवर दाखवतो. याच्या पोटात हे नखाएवढं कार्ड आहे ना, ती त्याची अक्कल. आणि हा पेन ड्राइव्ह म्हणजे त्याचं कपाट."

"आमच्या थिएटरात मशीन चालवायची खोली या घराएवढी होती. दोन मशीन, दोन माणसं, आणि उकाडा असा की ते बनियनवर बसायचे. रिळांचे डबे हमाल डोक्यावरून आणायचे." तिने साबणदाणीवर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. "गरम आहे हो. जिवंत असल्यासारखा."

लेकीने जोडाजोड केली. वीज द्यायला वहिनींच्या मोबाइलचा चार्जर लावला. टीव्हीवर चित्रांची रांग आली आणि कोपऱ्यात पिवळी वीज चमकली.

"वीज कडाडली, पण आवाज नाही आला," आत्या म्हणाली.

"ती सिनेमातली नाही, आत्या. चार्जर कमी पडतोय म्हणून तो कुरकुरतोय. उद्या चांगला आणून देते. आणि आई, हे लिहून ठेव. बंद करताना आधी रिमोटवरून बंद करायचं. याला नीट झोपू द्यायचं. मगच भिंतीवरचं बटण. उलटं केलंत तर कार्ड बिघडू शकतं."

"तान्हं बाळच म्हण की," आत्या म्हणाली.

वहिनींनी लिहून घेतलं आणि खाली पट्टीने रेघ मारली. कॉन्व्हेंट शाळेत लागलेली सवय ती.

सुताराचा सिनेमा लगेच लावायचा नाही, असं आत्यानेच ठरवलं. "आधी दुसरे. डोळे सरावू देत. परीक्षेच्या आधी सरावाचा पेपर सोडवतातच की." खरं कारण वहिनींना दिसत होतं. आत्या त्या पेन ड्राइव्हला बोटसुद्धा लावत नव्हती.

म्हणून शनिवारी दुपारी पडदे ओढून दोघींनी दुसराच जुना सिनेमा लावला, आत्याच्या थिएटरात महिनोन्महिने चाललेला. मधला भाग तिला संवादांसकट पाठ. पण सुरुवात झाली आणि ती खुर्चीच्या टोकाला येऊन बसली. एक बाई पाळण्यातलं मूल बदलते, इतकंच दृश्य. आत्याने वहिनींचं मनगट धरलं.

"अहो, म्हणजे ती त्याची बहीण नव्हतीच!"

"कोण?"

"ती हो! इतकी वर्षं मी मनात त्याला नावं ठेवली. म्हटलं, काय मेला निर्लज्ज, बहिणीबरोबर झाडांभोवती गाणी म्हणतो आणि लोक शिट्ट्या मारतात! माझ्या तोंडून कुणापाशी निघालं नाही हे नशीब."

वहिनी इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. आत्या मात्र हसत नव्हती. तोंडावर हात ठेवून ती पडद्यावरच्या त्या पाळण्याकडे तिरकी बघत होती. जन्मभर ज्या घरात वावरलो, त्या घराला एक आणखी खोली होती, हे आज कळावं, तसं तिला झालं होतं. आणि ती खोली एका साबणदाणीतून उघडली होती.

पाळण्याचा सिनेमा अर्ध्यावरच ठेवून रविवारी सुताराचा सिनेमा लावला. आत्याने धुतलेली साडी नेसली. खुर्ची तिरकी ठेवली, कारण कडेच्या डोळ्याने बघायचं होतं. वहिनी शेजारी बसल्या. सिनेमा खरोखरच पडण्याच्या लायकीचा होता. नायक बोलण्यापेक्षा उसासे जास्त टाकत होता. "याचं कुणी औषध का केलं नाही?" वहिनींनी विचारलं. आत्याने शूः केलं. थिएटरात तिने हजारो जणांना तसं शूः केलं असेल.

शेवट जवळ आला. नायकाची बोट निघायची वेळ झाली. धक्का दिसला, लाकडी, फळ्यांचा. "हा त्याने बांधला," आत्या कुजबुजली. "बघा, फळ्यांचे सांधे कसे एका ओळीत आहेत." मग एकेक करून सगळी वाद्यं एकत्र आली. शेवटाआधी कुठल्याही सिनेमात येतात तशी, गडगडत, वर चढत.

आणि आत्या उठली.

वहिनींना वाटलं, नीट दिसत नाही म्हणून पुढे जातेय. पण ती पुढे गेली नाही. उजवीकडे खोलीच्या दाराशी गेली, झटक्यात पडदा सारला, कडी काढली, आणि दाराकडे तोंड करून भिंतीवरच्या बोर्डावरची सगळी बटणं एका हाताने खटाखट दाबली. दिवा लागला. पंखा फिरायला लागला. आणि टीव्ही-कॉम्प्युटर दोघांच्या प्लगचं बटण, जे चालू होतं, ते बंद झालं.

खोलीत एकदम चिडीचूप.

आत्या कडी हातात धरून उभी होती. मग हळूच वळली. टीव्हीचा काळा पडदा तिला कडेने दिसला असावा.

"हे मी केलं?" तिने विचारलं.

बटण परत लावलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या आणि एका जागी येऊन थांबल्या. वहिनींनी त्या इंग्रजी ओळी मोठ्याने वाचल्या. कळल्या काहीच नाहीत, पण सूर चांगला नव्हता. लेकीला फोन लावला.

"आई, मधेच बटण बंद केलं? कार्ड गेलं असणार."

"आणि सिनेमा?"

"सिनेमा पेन ड्राइव्हवर आहे. तो बहुतेक वाचला असेल. बहुतेक. पण तोही आत लावलेला होता ना… आणि टेप तर आता चुरगळलीय. मला पुढच्या आठवड्याशिवाय येता यायचं नाही गं."

आत्या हे सगळं ऐकत होती. तिने पितळी बॅटरी खुंटीवरून काढली, पिशवीत घातली, पिशवी कपाटात टाकली. मग स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला बसली. कांदे नको होते, पण रडायला कारण हवं होतं.

"वन्सं."

"इतकी वर्षं म्हाताऱ्याच्या छत्रीला शिव्या दिल्या मी," ती म्हणाली. "आता कुणाला देऊ? माझ्याच हाताने घालवला त्याला. या हाताने!" आणि तिने उजवा हात असा पुढे केला, जणू तो शेजाऱ्याचा द्वाड पोर होता.

"हात बिचारा काय करणार? त्याला कुणी सांगितलं का, तुझी नोकरी संपली म्हणून?"

"वहिनी, नको आता. सोडा तो नाद. एकदा वळले तर छत्री, दुसऱ्यांदा बसले तर हा हात. ज्याला दिसायचंच नाही, त्याच्या मागे किती लागायचं?"

पण वहिनी एकदा मागे लागल्या की लागल्या. लेकीचा जुना लॅपटॉप घरात होता, त्यावर त्या ईमेल वाचायच्या. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून नवं मेमरी कार्ड आणलं. दुकानदार म्हणाला, "आजी, फोनसाठी ना?" त्या म्हणाल्या, "नाही, साबणदाणीसाठी." मग लॅपटॉपवरून त्या कार्डात नवी अक्कल भरायला लेक फोनवर एकेक पायरी सांगायची आणि वहिनी तिकडे करायच्या. एकदा कार्ड उलटं घातलं. एकदा सगळं झालं असं वाटून टाळी वाजवली, तर टीव्हीवर नुसतं इंद्रधनुष्याचं चौकोनी चित्र येऊन थांबलं. वहिनींनी सगळं पुसून पहिल्यापासून केलं. आत्या खोलीच्या दारापर्यंत यायची, आत यायची नाही.

"झालं का बाळंतपण?"

"कळा चालू आहेत," वहिनी आतून म्हणायच्या.

बुधवारी दुपारी टीव्हीवर चित्रांची रांग परत आली. कोपऱ्यात वीज नव्हती. लेकीने शुक्रवारीच आणून दिलेला नवा चार्जर भरपेट वीज देत होता. पेन ड्राइव्ह उघडायला वहिनींनी बटणावर बोट ठेवलं आणि आधी डोळे मिटले. उघडले तेव्हा यादी समोर होती. पाळण्याचा सिनेमा. धक्क्याचा सिनेमा. सगळं जागच्या जागी. भिंतीवरून वीज गेली, अक्कल गेली, तरी कपाट शाबूत राहिलं होतं.

"वन्सं, या हो," त्यांनी हाक मारली. आवाज त्यांचाच, पण त्यांनाच ओळखू येईना.

आत्या आली, पण खुर्चीत बसेना. "मी पुन्हा उठेन. ते वाजलं की मी उठतेच. मला बांधून ठेवा खुर्चीला."

"बांधायला तुम्ही काय गाय आहात?" वहिनी कपाटाकडे गेल्या. पिशवीतून पितळी बॅटरी काढली, पदराने पुसली आणि उजवीकडे दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ ताठ करून. "आज हे दार माझं. कडी मी काढेन, दिवे मी लावेन. तुमची सुट्टी आहे. आज गुरुवार समजा."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. समोरून दिसत नव्हत्या, म्हणून मान तिरकी करून.

"वहिनी, उजेड पडद्यावर पडता कामा नये."

"माहितीय मला. बसा."

आत्या बसली. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून. नायकाने पुन्हा सगळे उसासे टाकले. धक्का आला. वाद्यं एकत्र झाली, आणि आत्याचे गुडघे हलले, तळवे खुर्चीच्या हातांवर दाबले गेले. तिने दाराकडे बघितलं. तिथे माणूस होतं. दार सांभाळलेलं होतं. तळवे सैल पडले. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा ती शेवटाला बसून राहिली.

बोट दूर गेली. धक्क्यावर हमाल, फेरीवाले, एक कुत्रं. आणि डावीकडून, खांद्यावर फळी घेतलेला एक माणूस आला.

चालत होता. डावा पाय जरासा बाहेर टाकत, फळी पडू नये म्हणून मान एका अंगाला झुकवून, घरचा जिना चढून यायचा तसाच. पायाखालच्या फळ्या स्वतःच ठोकलेल्या, म्हणून बेफिकीर. वहिनींनी घाईने रिमोट उचलला.

"थांबवू नका!" आत्या म्हणाली. "चालू दे त्याला."

तो चालत पडद्याच्या उजव्या टोकाला आला. सगळे बोटीकडे बघत होते, तो एकटा बघत नव्हता. टोकाला पोचता पोचता त्याने मान वळवली, पडद्याच्या बाहेर, उजवीकडे, आणि हनुवटी वर उडवली. मग तो गेला, आणि 'समाप्त' उमटलं.

वहिनी दाराशी उभ्या होत्या, आणि तो सरळ त्यांच्याकडेच बघून गेला होता. म्हणजे त्यांच्याकडे नव्हे. त्या नकळत एक पाऊल बाजूला सरल्या, एखाद्याची वाट अडवली असावी तशा.

"उजवीकडचं दार," आत्या म्हणाली. खूप हळू. "त्याला ठाऊक होतं मी कुठे उभी असते. कॅमेऱ्यात बघू नको, असं बजावलेलं असणार सगळ्यांना. म्हणून त्याने तिकडे बघितलं. आणि त्या आठवड्यात प्रत्येक खेळाला तो माझ्या पाठीकडे बघून निरोप घेत होता, वहिनी. आणि मी अडसर धरून उभी."

टीव्हीखाली साबणदाणीतला हिरवा दिवा लुकलुकत होता. एखाद्या पाखराच्या छातीएवढी ती वस्तू, तेवढीच ऊबदार. थिएटर पाडून तिथे दुकानं झाली. मशीनची खोली गेली, बनियनवाली माणसं गेली, टेप चुरगळली, सुतार तर केव्हाच गेला. आणि त्याने हवेत सोडलेली ती हनुवटीची खूण मात्र कुठे कुठे फिरून, न्हाणीघरातल्या डबीत येऊन थांबली होती. ज्या दारासाठी निघाली होती, ते मिळेपर्यंत.

मग आत्या उठली. या वेळी वाद्यांनी उठवलं नव्हतं, ती आपण होऊन उठली. वहिनींच्या हातातून बॅटरी घेतली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. पाठ दाराला, तोंड पडद्याकडे.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "फक्त शेवट."

वहिनींनी शेवट मागे नेला. धक्का आला. फळी आली. आत्याने मान जराशी तिरकी केली, जिथून लख्ख दिसतं तिथे त्याला आणलं, आणि वाट बघत उभी राहिली. तो टोकाला आला, वळला, हनुवटी उडवली.

तिनेही उडवली.

बुधवार, १४ फेब्रुवारी. वन्संचे थेंब आणले. टीव्हीच्या प्लगच्या बटणावर चिकटपट्टी लावली. साबण सध्या बशीत ठेवला आहे.